डोळे झाकून

दादाचा उभा जन्म बोट चालवण्यात गेला, तरी पाण्याची भीती त्याच्या हाडीमाशी भिनली होती. एकदा बोट उलटली तेव्हा गुळगुळीत फायबरवर धाकट्या भावाची नखंसुद्धा ठरली नव्हती. दादा वाचला, भाऊ गेला.

आज तो बायकोला घेऊन नवी बोट बघायला आला होता. शेडमध्ये दोन फायबरच्या मोटरबोटी शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पांढरी आणि एक निळी.

"जुळ्या बहिणी आहेत. कुठलीही घ्या, डोळे झाकून," विक्रेता म्हणाला.

दादाने खरंच डोळे झाकले. पाणी जिथवर चढेल तिथे हनुवटी येईल इतका तो पांढरीपाशी खाली बसला आणि बुडणाऱ्यासारखा हात वर फेकला. तळवा सरसर घसरत खाली आला. "दादा," कानात कुणीतरी हाक मारली.

"काही हरवलंय का?" विक्रेत्याने हसत विचारलं.

दादा निळीपाशी सरकला. तिच्या कडेने दोरी ओवलेली होती. ती मुठीत आली.

"हीच," तो पुटपुटला.

"बरं, उठा आता," बायको म्हणाली.

तो उठेना. शेवटी ती शेजारी बसली आणि दोरीवरून त्याचं एकेक बोट सोडवू लागली.