फोनवरचा घाट

चिंचोळीच्या घाटात एक गृहस्थ मला नेहमी भेटतात. मोटारसायकल जुनी, मागची सीट रिकामी. पूर्वी तिच्यावर त्यांची बायको बसायची. आता तिचे गुडघे गेलेत. माझेही जायच्या बेतात असावेत, पण पोटामुळं मला ते दिसत नाहीत.

त्या सकाळी माथ्यावर धुकं होतं, खालचं रान तळ्यात बुडाल्यासारखं. त्यांनी फोन काढला. रेंज नव्हती. "ती वाट बघायली आसंल," म्हणत ते गाडी सोडून पायीच खालच्या वळणाकडं निघाले. मी धापा टाकत मागं.

"गाडी हाय की, अप्पा!"

"हळू, अण्णा, हळू. गाडीच्या आवाजानं पाखरं गप होत्यात."

वळणावर फोन लागला. त्यांनी तो दरीकडं धरला. वारा, पाखरं, झाडांची सळसळ. बऱ्याच वेळानं पलीकडून बारीक आवाज आला, "व्हय, आयकू यायलंय. आनखी जरा धरा."

मलाही हुरूप आला. मी घरी फोन लावून हात लांब केला.

"कामून बोलंनात? पडलाव का कुठं?"

"न्हाई गं. वारा ऐक."

"येताना दळण आणा," बायको म्हणाली.

पण फोन तिनं बराच वेळ ठेवला नाही.