मऊ नाकाची गोळी

शिरसवाडीत कुणी बंदुकीला हात घातला, की त्याला आधी सयाजी हवालदारांच्या ओट्यावर जाऊन बसावं लागे. तसा नियम कुणी केलेला नव्हता. पण पाटणच्या वरच्या त्या डोंगरात अठरा वर्षं पलटणीत काढलेला, नव्या जवानांना नेमबाजी शिकवलेला माणूस एकच होता. डुकराला कोणतं काडतूस, सांबराला कोणतं, असं विचारत माणसं येत. हवालदार सगळं ऐकून घेत, आत चहा सांगत आणि मग एकच विचारत,

"जखमी हून ग्येलं, तर किती दिस शोधशील?"

एखादा हसून "दुपारपतूर" म्हणे. हवालदार हसत नसत. मग चहा संपेपर्यंत बोलणं पाऊसपाण्याचं होई आणि पाहुणा काडतुसाचा विषय पुन्हा न काढताच उठे.

हा प्रश्न त्यांच्या तोंडी आला, त्याला कारण एकाहत्तर सालचा डिसेंबर.

पेन्शनीत येऊन त्यांना तेव्हा दोन वर्षं झाली होती. शिस्त अंगात इतकी मुरलेली, की शेतावर जातानाही खाकी चड्डीची घडी मोडलेली नसे. चंद्राबाई, त्यांची बायको, पाणवठ्यावर सांगत, "आमच्या घरात कोंबडा बी ह्यांच्याकडं बघून आरवतोय." पिकाच्या राखणीसाठी मिळालेली तीनशे पंधराची रायफल दारावर टांगलेली होती. दर रविवारी ते ती पुसत, तेल देत. पण दोन वर्षांत तिचे बार निघाले ते सगळे आभाळाकडे. हवालदारांना जीव घ्यायचा कंटाळा होता. बासष्टच्या लढाईबद्दल ते एक अक्षर बोलत नसत.

त्या वर्षी भातकापणीनंतर खाचरांत हरभरा चांगला तरारला होता. रानातून एक मोठं सांबर खाली येऊ लागलं. त्याला शेजारच्या भामाबाईचंच खाचर आवडलं. भामाबाई विधवा बाई, चुलतभावाची बायको. हाताला कामाची आणि जिभेला धारेची. एका सकाळी ती तुडवलेला हरभरा पदरात घेऊन ओट्यासमोर उभी राहिली.

"भावजी, ही बंदूक काय आरती ओवाळायला ठिवलीया व्हय?"

"वैनी, दोन बार काढलं की मी."

"काढलं, काढलं! त्ये आता बारालाबी भीत न्हाई. काल तुमी बार काढला तवा मान वर करून बघितलं आन् पुन्ना चरायला लागलं. तुमची पलटण अशीच लढत हुती का वो?"

आतून चंद्राबाईचं हसू ऐकू आलं. हवालदारांनी ठरवलं, आता बार आभाळाकडे काढायचा नाही.

सांगलीला जायचंच होतं. मुलगी बनू सांगलीजवळच माधवनगरात दिली होती, जावई तिथल्या गिरणीत होते. घेवड्याच्या शेंगांची पिशवी लेकीच्या हाती देऊन, तिथं जेवून, हवालदार परतीला सांगलीतल्या बंदुकांच्या दुकानात शिरले. दुकानदार बाळासो म्हणजे जाड भिंगांचा, सावकाश बोलणारा म्हातारा. त्यानं परवाना पाहिला, शिकार कसली ते विचारलं आणि काचेच्या टेबलावर दोन काडतुसं उभी केली. एकाच्या गोळीचं टोक उघड्या शिशाचं, करडं. दुसरी गोळी टोकापर्यंत तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली, चकचकीत.

"सांबराला ही न्या," करड्या टोकावर बोट ठेवून तो म्हणाला. "मऊ नाकाची. आत गेली की फुलते. जनावर जाग्यावर बसतं. ती दुसरी जुन्या साठ्यातली आहे, आता कोणी नेत नाही. या अंगानं शिरते, त्या अंगानं निघून जाते."

"फुलती म्हंजे आत फुटती न्हवं?"

"फुटते म्हणा."

"मग नको." हवालदारांनी ते काडतूस एका बोटानं मागे सारलं. "आमी पोरास्नी शिकवत आलोय. फुटणारी गोळी मारायची न्हाई. साऱ्या जगाचा कायदा हाय तसा. दुश्मनाला मारायची न्हाई ती गोळी मुक्या जनावराला मारू व्हय?"

बाळासोनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "हवालदार, तो कायदा माणसांचा आहे."

"कायदा त्यो कायदा. आमाला ही कडकच द्या."

"एक पाकीट मऊचं असू द्या की बरोबर."

"पाप बरूबर घिऊन फिरत न्हाई मी."

बाळासोला आणखी काही सांगायचं होतं. त्याचे ओठ हलले, पण समोरच्या माणसाची ताठ मान बघून त्यानं मुकाट्यानं पाकीट बांधलं. एस.टी.त खिडकीशी बसलेल्या हवालदारांना स्वतःचं बरं वाटत होतं. मारायचं तर होतंच, पण आपण स्वच्छ मारणार होतो.

एक डिसेंबर, बुधवार. तांबडं फुटत होतं. सांबर हरभऱ्यात आडवं उभं होतं, साठेक पावलांवर. हवालदारांनी पुढच्या पायामागची जागा धरली आणि घोडा ओढला. त्याच क्षणी सांबरानं चरण्यासाठी एक पाऊल पुढं टाकलं.

ते पाठीत वाकलं, बांधावर चढलं, वळून एकदा बघितलं आणि रानात गेलं. पडलं नाही, ओरडलं नाही. नेम चुकला असं वाटून हवालदार पुढं गेले. मागच्या मातीच्या दरडीत गोळीचं भोक होतं, दाभणानं टोचल्यासारखं. आणि अलीकडं हरभऱ्याच्या डहाळीवर काळपट रक्ताचे दोन थेंब, त्यात चघळलेल्या पाल्याचा हिरवा चोथा.

भामाबाई पदर खोचत धावत आली. "लागलं का वो भावजी?"

हवालदारांचा बूट आपोआप त्या डहाळीवर गेला.

"न्हाई. भ्यालंय. आता न्हाई यायचं परत."

तिनं देवाचं नाव घेतलं. हवालदार ती जाईपर्यंत तसेच उभे राहिले. पलटणीत चुकलेल्या जवानाला ते सांगत, चूक केलीस तर दोन पावलं पुढं येऊन सांग. इथं त्यांना बूटसुद्धा उचलता येईना.

ती दूर गेल्यावर त्यांनी डहाळी खुडली आणि खालच्या खाचराकडे निघाले. तिथं हरिबाची मेंढरं बसली होती. हा माणदेशातला धनगर दर हिवाळ्यात कळप घेऊन यायचा. शेतकऱ्यांना खत मिळे, मेंढरांना चारा. माग काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं डहाळी नाकाशी नेली.

"पोटातनं ग्येलीया. कसली गोळी हुती?"

हवालदारांनी खिशातलं काडतूस दाखवलं. हरिबानं तांब्याच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"ही आत कायबी करत न्हाई, हवालदार. नुसती वाट काढून जाती. फुटली आसती, तर चार बोटं मागं लागूनबी त्यो बांध त्येला चढवला नसता."

"म्हणून तर घेतली न्हाई फुटणारी. मानसावर मारत न्हाईत ती. मानूस जखमी झाला तर जगला पायजे, अशी त्यातली गोम हाय."

हरिबानं काडतूस त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग म्हणाला, "मानसाला उचलून न्ह्यायला मानसं येत्यात. दवाखाना आसतो. ह्याला कोन हाय?"

हवालदारांनी काडतूस परत खिशात ठेवलं. ते एवढंसं काडतूस दिवसभर मांडीला टोचत राहिलं.

मेंढरं भावाकडे सोपवून हरिबा बरोबर निघाला. बुधवारी माग करवंदीच्या जाळीत गेला आणि हरवला. गुरुवारी पुन्हा सापडला. एका जागी सांबर बसलं होतं, गवत दबलं होतं, तिथं रक्त वाळून काळं झालं होतं. ते उठून पुढं गेलं होतं. "तहान लागलीय त्येला," हरिबा म्हणाला. "पोटाच्या जखमंला लय तहान." शुक्रवारी त्यांनी तीन ओढे धुंडाळले. प्रत्येक ओढ्याशी हवालदार आधी कान देत आणि मग पाय टाकत. जनावर जिवंत सापडावं, असं त्यांना वाटे. सापडू नये, असंही वाटे.

त्याच संध्याकाळी लढाई सुरू झाली. शनिवारी सकाळी रानात निघालेले हवालदार शाळेवरून गेले, तेव्हा सारा गाव व्हरांड्यातल्या रेडिओभोवती होता. किराणा दुकानवाल्या कोंडीबानं त्यांना हाक मारली.

"हवालदार, आवं तुमची पलटण तिकडं सरहद्दीवर, आन् तुमी बंदूक घिऊन कुटं? सांबरं मोजायला?"

"बलावणं आलं तर जाईन की," हवालदार म्हणाले आणि थांबले नाहीत. खरं तर पोस्टमन वळताना दिसावा, असं लढाईची बातमी आल्यापासून त्यांच्या मनात होतं. बोलावणं आलं असतं, तर हा शोध सोडायला कारण मिळालं असतं. हे लक्षात आलं, तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली. घरी चंद्राबाईनं विचारलं होतं, "येवढं काय हरवलंय?" त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

रविवारी, पाचव्या दिवशी, कावळ्यांनी सांगितलं. वरच्या अंगाला ओढ्याचा एक छोटा डोह होता. सांबर काठाला पडलेलं, मागचं अंग पाण्यात. मरून गेलं असावं, असं वाटून हवालदार दोन पावलं पुढं झाले, आणि त्याचा एक कान वळला. नुसता कान. मान उचलण्याचं बळ राहिलेलं नव्हतं. कावळ्यांनी जखम मोठी केली होती.

हवालदारांनी कानामागं रायफलची नळी टेकवली. हरिबानं मुंडासं काढून हातात धरलं.

एकच बार झाला. मांस कुणाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. कातड्याला हवालदारांनी हात लावू दिला नाही.

घरी न जाता ते थेट भामाबाईच्या खाचरात गेले. ती हरभरा निंदत होती. ते तिच्यापुढं दोन पावलांवर उभे राहिले, ताठ.

"वैनी, त्या दिशी लागलं व्हतं. मी खोटं बोललो. पाच दिस जित्तं व्हतं त्ये."

भामाबाईच्या हातातलं खुरपं थांबलं. मग ती हळूच म्हणाली, "माझ्याच तोंडानं झालं, भावजी. मी डिवचलं नसतं तर..."

"न्हाई," हवालदार म्हणाले. "तुमी राखण मागितली. गोळी मी निवडली. त्योबी सांगत हुता, दुकानवाला. मी ऐकलं न्हाई."

संक्रांतीनंतर ते पुन्हा सांगलीला गेले. बाळासोच्या टेबलावर त्यांनी उरलेली काडतुसं ठेवली, एकेक करून, टोकं आपल्याकडे करून.

"ही परत घ्या. आन् साठा उरला आसंल, तर कुणालाबी दिऊ नका."

बाळासोनं काडतुसांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. काय झालं ते त्यानं विचारलं नाही. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत त्यानं विचारलं,

"किती दिवस शोधलंत?"

"पाच."

म्हाताऱ्यानं मान हलवली. टेबलाखालून जुन्या पाकिटांचा गठ्ठा काढून त्यानं तो मागच्या कपाटात टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"मी अकरा," तो म्हणाला. "भेकर होतं. पोरवयात. हीच गोळी."

"घावलं?"

बाळासोनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला आत यायची खूण केली.