पालकाची सही

आमच्या कॉलेजात खेळाडूंच्या सुरक्षिततेची सगळी तयारी एका कागदात मावत होती. सायक्लोस्टाईल केलेलं अर्धं पान, शाई फुटलेली, वर ठळक अक्षरात 'हमीपत्र'. खाली एकच वाक्य: माझ्या पाल्यास खेळताना इजा झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही. त्याखाली पालकाची सही. पाय मोडायच्या आधीच हात झटकून ठेवायची ही युक्ती ज्याला सुचली, त्याच्या हुशारीला मी आजही नमस्कार करतो, लांबून.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी बदनापूरकडच्या गावातून पॅसेंजरनं जालन्याला यायचो आणि कॉलेजच्या कबड्डी संघाचा कप्तान होतो. संघ म्हणजे आम्ही बाराजण, सगळे खेड्यातले.

कॉलेजात प्रथमोपचाराची पेटी नव्हती असं कुणी म्हणू नये. होती. खेळाच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली हेडक्लार्ककडे असायची. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती बाहेर निघायची. गोळा, थाळी, भाला यांच्या रांगेत तिला पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि परत कपाटात. आत काय आहे हे पाहायची हिंमत एकदा मी केली. कापसाचा एक पुडा, आतलं वाळून खडखडीत झालेली आयोडीनची बाटली आणि गांडुळाएवढी उरलेली चिकटपट्टी. "हात लावू नको, तपासणी कमिटीला भरलेली दाखवायची असते," असं खेळाचे सर म्हणाले. देवघरातल्या देवालाही आमच्याकडे रोज आंघोळ असते, या पेटीला तीही नव्हती.

खेळाचे सर म्हणजे गळ्यात शिट्टी आणि खिशात दुखण्यावरचा स्प्रे. स्प्रे संघासाठी यायचा, पण वर्षभर सरांच्याच कमरेला पुरायचा.

विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी यादी पाठवायची होती. सरांनी बारा हमीपत्रं माझ्या हातात दिली. "संध्याकाळपर्यंत सह्या आल्या पाहिजेत. अंगठा चालणार नाही, त्याला साक्षीदार लागतो. कशा आणायच्या ते मला सांगू नको." बारा गावचे बारा बाप संध्याकाळपर्यंत कुठून आणणार? सरांनाही ते माहीत होतं आणि मलाही. कॅन्टीनमध्ये बसलो, तीन पेनं मागून घेतली आणि बाराही बापांच्या सह्या एका चहात उरकल्या. एकाची तिरकी केली, एकाची म्हाताऱ्यासारखी थरथरती, एकाची डाव्या हातानं. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याची फार मिजास होती.

संघातला सगळ्यात चांगला चढाईपटू परतूरकडचा होता. त्याचं घर मेंढ्यांमागं फिरणारं. त्याचे वडील वर्षातले आठ महिने कळप घेऊन कुठल्या रानात असत ते त्यालाही नेमकं ठाऊक नसे. त्यांनी जन्मात सही केलेली नव्हती. मग मीच त्यांच्यासाठी एक सही तयार केली, आणि मोकळं रान मिळाल्यामुळे सगळ्यात ऐटबाज तीच केली. पहिलं अक्षर फुगवलेलं, शेवटच्या अक्षराची शेपटी मागं वळवून सगळ्या नावाखालून नेलेली. तो बघून हसला. म्हणाला, "आमचा बा तर कलेक्टर झाला की रे."

त्याला पोलीस भरतीत जायचं होतं. दुसरं काही नको होतं. रोज पहाटे मोतीतलावाकडं पळायचा आणि छाती मोजून घ्यायचा. भरती तीन महिन्यांवर आली होती.

मैदानाच्या कडेला स्नेहसंमेलनाच्या मंडपाची एक लोखंडी मेख राहून गेली होती. वीतभर वर. मी सरांना दोनदा सांगितलं. सर म्हणाले, "एवढं मैदान पडलंय, तिलाच कशाला जाता शिवायला? बाजूनं खेळा." कबड्डी बाजूनं कशी खेळतात हे त्यांनी कधी दाखवलं नाही.

एका संध्याकाळी सरावात त्यानं चढाई केली, परत फिरताना तिघांनी त्याला धरलं आणि चौघेही गडगडत रेषेबाहेर गेले. त्याची नडगी मेखेवर आली. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता पांढरा पडला.

सर धावत आले. सगळ्यात आधी शिट्टी वाजवली, कशासाठी ते त्यांनाच माहीत. मग म्हणाले, "उठवा, चालवा त्याला. बसू दिला की अंग आखडतं." आमच्याकडे हा धर्मच होता: पडलेल्याला झोपू द्यायचं नाही. मी कप्तान. मी एका काखेत खांदा घातला, दुसऱ्यानं दुसऱ्या काखेत, आणि मोडलेल्या पायावर आम्ही त्याला चार पावलं चालवलं. पाचव्याला त्यानं माझ्या खांद्यावर दात रुतवले. तोवर सरांनी स्प्रे काढला. दोनदा हलवला, दाबला, नुसती फुसफुस झाली. पेटीची किल्ली घेऊन हेडक्लार्क चारच्या गाडीनं गेले होते. अर्थात पेटी उघडली असती तरी त्या नडगीला हळदकुंकूच लागलं असतं.

मी म्हणालो, सरकारी दवाखान्यात नेऊ. सरांनी मला बाजूला घेतलं. "दवाखान्यात नेलं की डॉक्टर लिहून घेतात, कुठं लागलं, कसं लागलं, कोण हजर होतं. उगा कागद वाढतो. मस्तगडला हाड बसवणारा आहे, चांगला हात आहे त्याचा." सरांची स्कूटर तिथंच उभी होती, पण तिच्या सीटला नवं कव्हर होतं. आम्ही त्याला सायकलरिक्षात घातलं. त्याचा पाय माझ्या मांडीवर होता आणि प्रत्येक खड्ड्याला तो मला आईवरून शिव्या देत होता.

हाड बसवणाऱ्यानं पाय ओढला, अंड्याचा लेप दिला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि एकवीस दिवस सांगितले. एकविसाव्या दिवशी कामट्या सोडल्या तेव्हा हाड जुळलं होतं, पण वाकडं. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की पुन्हा मोडून, ऑपरेशन करून बसवावं लागेल. लगेच केलं तर पळता येईल, वेळ घालवला तर लंगडणं कायमचं.

तेव्हा त्याचे वडील आले. कुठल्या रानातून, कुणी निरोप दिला, मला माहीत नाही. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मळकं पागोटं. मी त्यांना प्राचार्यांकडे घेऊन गेलो. त्यांचं मागणं एकच होतं: पोरगं कॉलेजासाठी खेळत होतं, तर कॉलेजनं त्याचं ऑपरेशन करून द्यावं.

प्राचार्यांनी सरांना बोलावलं आणि सरांनी हमीपत्र आणलं. पेटी उघडायला ज्यांना किल्ली सापडत नव्हती, त्यांना हा कागद दोन मिनिटांत सापडला. प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही लिहून दिलंय ना बाबा, इजा झाली तर आम्ही जबाबदार नाही म्हणून? ही सही तुमचीच ना?"

वडिलांनी कागद हातात घेतला. उलटा धरला होता, सरांनी सुलटा करून दिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. खोट्या सह्यांबद्दल आदल्याच वर्षी एकाला कॉलेजातून काढलं होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्या एका माणसाशिवाय. पण माझ्या तोंडावर ते त्यांना वाचता आलं असावं.

"व्हय," ते म्हणाले. "माझीच हाय."

"मग प्रश्नच मिटला," प्राचार्य म्हणाले. "उद्या अकराला या. आमची काही तक्रार नाही, असं एका कागदावर सही करून द्या."

बाहेर पायऱ्यांवर ते बसले. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "मामा, ती सही मी केल्ती."

"कळलं मला. न्हाई म्हणलो असतो तर तुझं काय झालं असतं?"

"काढलं असतं मला."

"मंग बराबर केलं म्या. एक पोरगं बसलं घरी, दुसरं कशाला बसवायचं?" थोडा वेळ त्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "पर उद्या त्यो सायेब 'माझ्यासमोर कर' म्हणंल. मला तर येत न्हाई. शिकव जल्दी."

मी वही काढली. दुपारभर त्या पायऱ्यांवर मी त्यांना त्यांचं नाव शिकवलं. नुसतं नाव नाही, माझी ऐट. त्यांची बोटं जाड, मेंढरांची लोकर कातरून राठ झालेली. पेन काठीसारखं धरायचे. ती शेपटी काही केल्या वळेना. "हे कशाला काढलं रं येवढं लांब?" त्यांनी एकदा विचारलं. रागावून नाही, खरंच विचारलं. मी ती शेपटी पुन्हा काढून दाखवली. पेटीला हसलो, स्प्रेला हसलो, सरांना तर आजही हसतो. पण मोडलेल्या पायावर मित्राला चालवणारा मीच होतो आणि त्याच्या बापाच्या हातात ती सही देणाराही मीच. सर आणि प्राचार्य या दोघांपेक्षा मी जास्त नालायक होतो, कारण मला अक्कल होती.

त्या दुपारीसुद्धा मी आत जाऊन खरं सांगू शकलो असतो. पायऱ्या सहाच होत्या.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर ओणवं होऊन, जीभ दातात धरून सही केली. प्राचार्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि खूश झाले. म्हणाले, "वा, मेंढ्या राखून अक्षर मात्र वळणदार ठेवलंय हो तुम्ही."

ते लाजून हसले आणि माझ्याकडे बोट करून काही बोलणार होते. मी मानेनंच नको म्हटलं. त्यांनी बोट खाली घेतलं.