आमच्या बसमधली इम्युनिटी

असे किस्से गोळा करावे लागत नाहीत हो! पेणहून रोह्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तिसऱ्या सीटवर बसलं की झालं. थंडी पडली की काचा बंद. वाटेत गडब गावाला कुणीतरी शिंकतं, आणि रोहा येईपर्यंत वीस जणांचे वीस उपाय ऐकून होतात. औषधाचं नाव कुणी काढत नाही. सगळं कसं 'नॅचरल'!

गेल्या हिवाळ्याचंच सांगते.

* * *

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर थळे बसतो. मोबाइलवर कसलातरी व्हिडिओ बघून दिवाळीनंतर त्याने रोज सकाळी अनशापोटी कच्च्या लसणाच्या पाच पाकळ्या चावायला सुरुवात केली. चावून झाल्या की थेट बसमध्ये!

पहिल्या आठवड्यात त्याच्या शेजारची सीट रिकामी झाली. दुसऱ्या आठवड्यात पुढची आणि मागचीही.

जानेवारीत सगळी बस खोकत होती आणि थळे ठणठणीत. "बघा! मला साधी शिंक आली नाही. याला म्हणतात लसणाची ताकद!"

स्टोअर सांभाळणारे आमचे नजीरभाई बारा वर्षं कुवेतला काढून आलेले. ते नाकावरचा रुमाल न काढता म्हणाले, "थळे, दोन महिन्यांत तुझ्याजवळ कोण फिरकलाय काय? सर्दी येनार तरी कुठून!"

* * *

एचआरचे सामंत साहेब आमच्याच बसने येतात, पहिल्या सीटवर. मूळचे शहरातले. एका रविवारी ते गागोद्याच्या बाजूला फिरायला गेले आणि कुंपणावरचा वेल पिशवीभर तोडून घेऊन आले. गुळवेल! आठवडाभर रोज उकळून प्यायले आणि पुढच्या सोमवारी बसमध्ये सगळ्यांना एकेक जुडी वाटली.

पॅकिंगमधल्या सुनंदाताई गडबच्या. घरची भातशेती. त्यांनी पान उलटंपालटं करून बघितलं.

"साहेब, ही गुळवेल नाय. कोनफळाचा वेल हाय."

साहेब चिडले. "शक्यच नाही! मला आठ दिवसांत केवढा फरक पडलाय!"

"पडला आसंल," सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या. "पन कंद जमिनीत सोडून पाला उकळनारा मानूस मी आजच बघितला!"

* * *

त्यानंतर साहेबांनी कंपनीत 'इम्युनिटी सप्ताह' जाहीर केला. गेटवर बॅनर. कॅन्टीनमध्ये रोज दहा वाजता आलं, मिरी, तुळस, गूळ घातलेला काढा. कम्पल्सरी! काढा चांगला होता, खोटं कशाला बोलू? घशाला बरं वाटायचं.

पण माणसं दीडशे आणि स्टीलचे ग्लास सोळा. एकाने प्यायचा, बादलीत बुचकळायचा, दुसऱ्याने घ्यायचा. बादलीतलं पाणी दुपारी एकदा बदलायचे.

सोमवारी पॅकिंगमध्ये दोघं खोकत होते. गुरुवारी अख्खं पॅकिंग.

नजीरभाई म्हणाले, "साहेबांनी वाटायचं ठरवलं की काय बी सारखं वाटतात!"

* * *

शुक्रवारी सकाळी सुनंदाताई बसमध्ये चढल्या त्याच दांडा धरून. साहेबांच्या सीटपाशी थांबल्या.

"साहेब, रातीपासून ताप हाय. दोन दिवस रजा द्या."

"ताई, इम्युनिटी सप्ताहात सिक लीव्ह? हेड ऑफिसला काय रिपोर्ट पाठवू?"

त्या मागे येऊन बसल्या. अकरा वाजता पॅकिंगमध्ये खोक्यांच्या थप्पीला टेकून खाली बसल्या त्या उठेचनात. नजीरभाईंनी रिक्षा बोलावली. आम्ही दोघं त्यांना घेऊन पुलापलीकडच्या अष्टमी गावात डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा हात माझ्या हातात होता, तव्यासारखा तापलेला. मी दोनदा हाक मारली, ओ दिली नाही. मी खरंच घाबरले होते.

डॉक्टरांनी तपासलं. फ्लू. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "चार दिवस आराम, भरपूर पाणी, पुरेशी झोप. प्रतिकारशक्ती यानेच भरून येते."

सुनंदाताईंनी डोळे उघडले. "डॉक्टर, पानी घरात हाय. बाकीचे दोन तेवढे चिठ्ठीवर लिवा. आमच्या साहेबाला दाखवायचे हायेत!"

डॉक्टर हसले, मीही हसले. मग लाज वाटली. सकाळी बसमध्ये त्या रजा मागत होत्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

आठवड्याने त्या परत आल्या. गालफडं बसलेली, पण जीभ शाबूत!

* * *

आणि मग बक्षीस समारंभ. संपूर्ण हिवाळ्यात एकही आजारपणाची रजा न घेणारा कर्मचारी म्हणजे 'इम्युनिटी चॅम्पियन'. थळेलाही काढ्याच्या ग्लासाने शेवटी रजेवर पाठवलं होतं. नाव पुकारलं: नजीरभाई!

शाल, नारळ, फोटो. हेड ऑफिसचे दोन पाहुणे पुढच्या रांगेत. सामंत साहेबांनी माइक हातात दिला. "नजीरभाई, आपल्या या नैसर्गिक प्रतिकारशक्तीचं रहस्य सगळ्यांना सांगा!"

नजीरभाईंनी घसा साफ केला. "रहस्य काय नाय. कुवेतला कंपनीच आमाला दरसाल फ्लूची लस द्यायची. ती सवय लागली. हितं स्वतः जाऊन टोचून घेतो."

साहेबांनी माइकवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "नैसर्गिक! नजीरभाई, काहीतरी नैसर्गिक सांगा!"

"बरं," नजीरभाई म्हणाले, आणि माइक परत तोंडाजवळ घेतला. "मी नैसर्गिकपणे बाही वर केली. मग नर्सबाईंनी नैसर्गिकपणे सुई टोचली!"