कुणाकडे उतरलात?

वैशाखातल्या भर दुपारी सिल्वासाच्या बाजारात शिरलं की सगळ्यांत आधी सामोरा येई तो सुक्या बोंबलांचा वास. उग्र, खारट, उन्हात तापून अधिकच धारदार झालेला. पावसाळ्याची बेगमी करायला सुरंगीकडची, रांध्याकडची माणसं टोपल्या घेऊन आलेली असत आणि दमणहून आलेल्या बायका पोत्यांवर बोंबील, सोडे, जवळा यांचे ढीग मांडून बसलेल्या असत. सुशिक्षित मंडळी नाकाला रुमाल लावून लगबगीनं पुढे निघून जात. माझी पावलं मात्र तिथं हटकून मंदावत. घ्यायचं काही नसे, घेताही आलं नसतं. तरी शेजारच्या भाजीवालीकडची कोथिंबिरीची जुडी उगाच खाली-वर करत मी त्या वाऱ्याच्या वाटेत उभी राही. एका वासात अख्खं गाव मावतं, यावर तुमचा विश्वास बसतो का? माझा बसतो, कारण माझं गाव तिथं मावत असे आणि त्याचं नाव हर्णै.

माझे वडील हर्णैला पोस्टमन होते. बंदरापासून पाजपंढरीपर्यंत प्रत्येक उंबरठा त्यांच्या पायाखालचा; पण स्वतःचा उंबरठा मात्र भाड्याचा. बाजारपेठेतल्या दोन खोल्यांत आमचा तिघांचा संसार होता. मी शाळेत असताना आई गेली. मला इथं, या मुलखात, शिक्षिकेची नोकरी लागली त्याच वर्षी वडीलही गेले. भाऊ नाही, बहीण नाही. खोल्या घरमालकाच्या होत्या, त्या त्यांनी रीतीप्रमाणे परत घेतल्या आणि त्यांचं काही चुकलंही नाही. अशा रीतीनं वयाच्या बाविसाव्या वर्षी मी एक पत्र्याची पेटी आणि वडिलांची खाकी पिशवी घेऊन सिल्वासाला आले आणि माझं माहेर संपलं.

पुढं जवळच्या सायली गावातल्या सुताच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका खानदेशी माणसाशी माझं लग्न झालं. माणूस सोन्यासारखा, पण घर पक्कं शाकाहारी. सासूला तिकडे आत्या म्हणतात. या आत्यांच्या चुलीवर कांदासुद्धा चातुर्मासात चढत नसे, तिथं मासळीचं नाव कोण काढणार? मला कुणी मना केलं नव्हतं हो. पण काही गोष्टी मना न करताच सुटतात, आणि त्या सुटल्याचं दुःख करायलाही संकोच वाटतो. नऊ वर्षांत मी घरी मासा शिजवला नाही.

तुम्ही विचाराल, मग एकदा जाऊन का नाही आलीस? वापीहून गाडीनं मुंबई, मुंबईहून एस.टी.नं दापोली, तिथून हर्णै. वाट काही सातासमुद्रापलीकडची नव्हती. खरं सांगू? मला एका प्रश्नाची भीती वाटत होती. कोकणातल्या गावात तुम्ही एस.टी.तून उतरलात, की पिशवी खाली ठेवायच्या आत कुणीतरी तुम्हाला विचारतं, “कुणाकडे उतरलात?” त्यात भोचकपणा नसतो, जिव्हाळाच असतो. माणूस आला म्हणजे तो कुणाकडे तरी आलेला असणार, कुठल्या तरी पडवीत त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असणार, अशी त्या गावाची साधी श्रद्धा! माझ्याच गावात, माझ्याच वडिलांनी ज्यांची पत्रं वाटली त्या माणसांना, मी काय उत्तर देणार होते? या एका प्रश्नापायी मी अकरा वर्षं हर्णैचा समुद्र पाहिला नाही.

नव्वदच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात मात्र माझ्या मनानं उचल खाल्ली. आमच्या ह्यांनी चार दिवस कुठंतरी जाऊन निवांत पडून राहू असा विषय काढला होता, तो दमणच्या हिशेबानं. कारण दमण जवळ, आणि कारखान्यातली सगळी मंडळी सुट्टी म्हटली की दमणलाच पळत. मी म्हटलं, दमण नको, हर्णै. हे काही न विचारता म्हणाले की शेठकडे रजा टाकतो.

अहाहा, काय ते बेत रचण्याचे दिवस! प्रवासात धूळ असते, घाम असतो, हरवलेली किल्ली असते. बेतात यातलं काहीच नसतं. संध्याकाळी दमणगंगेकडून थोडा वारा सुटला की मी ओट्यावर मुक्ताची जुनी वही घेऊन बसे. मुक्ता आमची मुलगी, सात वर्षांची. ती शाळेत मराठी, अंगणात गुजराती आणि भांडताना हिंदी बोले; तिनं समुद्राला परस्पर ‘दरियो’ करून टाकलं होतं आणि दरियोत किती खोल जायचं याच्या वाटाघाटी ती बापाशी रोज करत असे. माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं: चार दिवस काहीही करायचं नाही. उशिरा उठायचं. खानावळीत जेवायचं, दोन्ही वेळा, आणि दोन्ही वेळा मासे. दुपारी वाळूत बसून वाचायचं. ओळखीच्या कुणाकडे जायचं नाही. शेवटच्या कलमाची तजवीज म्हणून मी वापीहून एक काळा चष्माही आणला. तो लावून आरशासमोर उभी राहिले तर ह्यांना हसू आवरेना. म्हणाले, यात तू लपणार तर नाहीसच, उलट गावभर चौकशी होईल. मी रागावले; पण चष्मा पेटीत ठेवलाच. आणि कुणी गाठून विचारलंच, तर उत्तर पाठ करून ठेवलं होतं: आम्ही फिरायला आलोय, लॉजवर उतरलोय.

या बेतात आत्या कुठंच नव्हत्या. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे राहत, पण वैशाखात त्या गावी, अमळनेरकडे, माझ्या थोरल्या दिरांकडे जाणार हे ठरलेलं असे. अक्षय्य तृतीया म्हणजे खानदेशातली आखाजी. तो लेकींचा सण. सासरी नांदणाऱ्या पोरी या सणाला माहेरी येतात, कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खातात. माझ्या दोघी नणंदाही येत. लग्न झाल्यापासून दरवर्षी मी तिथं जाई आणि चुलीपाशी बसून त्यांच्यासाठी पुरण शिजवी. खोटं कशाला बोलू, मला ते आवडेही. नणंदा गुणी होत्या, हसऱ्या होत्या. झोक्यावरून त्यांची गाणी ऐकू येत आणि माझे डोळे भरून येत. कुणी पाहिलंच, तर मी धुराकडे बोट दाखवी.

त्या वर्षी आखाजी नेमकी आमच्या हर्णैच्या मुक्कामात येत होती. एका दुपारी आत्या पापड लाटता लाटता म्हणाल्या की यंदा त्या गावी जाणार नाहीत, आमच्याबरोबर येणार. मला वाटलं, माझ्या कानांचा दोष असेल. मासळीच्या बंदरात या बाई काय करणार? ह्यांनी त्यांना समजावून पाहिलं: तिथं वास असतो, लांबचा प्रवास आहे, शिवाय पोरी वाट बघतील. आत्यांनी लाटणं न थांबवता एवढंच सांगितलं की पोरींना त्यांनी पोस्टकार्ड टाकलं आहे. विषय संपला!

आणि मग सुरू झाली बांधाबांध. रॉकेलचा स्टोव्ह आला, पातेली आली, दादर ज्वारीचं पीठ, डाळ, गूळ, उडदाचे पापड, लोणच्याची बरणी आली. खापरसुद्धा बरोबर घ्यायचा त्यांचा विचार होता, एस.टी.त फुटेल म्हणून ह्यांनी कसाबसा तो त्यांच्या डोक्यातून काढला. माझा चेहरा पडला होता आणि तो पडलेला दिसावा अशीही माझी इच्छा होती. माझ्या वहीतलं पहिलं पान वाया गेलं होतं. खानावळीचं पाणीसुद्धा या पिणार नाहीत, म्हणजे चार दिवस स्टोव्हला पंप मारत बसणार कोण? माझ्या एवढ्याशा विश्रांतीवरही यांचा डोळा असावा, असं मी त्या रात्री ह्यांना बोलून दाखवलं. ते बोलणं आजही आठवलं की मला माझी लाज वाटते.

हर्णैला आम्ही पोचलो ते सकाळी. भरतीचं पाणी, पाण्यात उभा सुवर्णदुर्ग, डोलणाऱ्या होड्या, कमरेइतक्या पाण्यात शिरून मासळी आणणाऱ्या बैलगाड्या. मी काळा चष्मा लावला, आणि तो बरा पडला, कारण मला रडू आलं होतं. आत्यांनी पदर नाकाला लावून समुद्राचं दीर्घ निरीक्षण केलं आणि एवढं पाणी असून शेताच्या काही कामाचं नाही, असा शेरा दिला. गावाच्या टोकाला एका गृहस्थांच्या घरामागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. मालक गावात नवे होते, मला ओळखत नव्हते. मी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच श्वासात मला वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटे जाग आली आणि मी चडफडत स्टोव्ह पेटवायला गेले, तर चहा तयार होता. मी कपबशा धुवायला घेतल्या, तर आत्यांनी त्या माझ्याकडून काढून घेतल्या. “बस,” त्या म्हणाल्या. दुपारी भाकरी करायला बसले तर पुन्हा तेच. कपडे धुवायला निघाले तर बादली आधीच त्यांच्या हातात. मला वाटलं, स्वारी रागावली आहे. मी ह्यांच्याजवळ बोललेलं भिंतीपलीकडे ऐकू गेलं असावं. तो सबंध दिवस मी वाळूत पुस्तक उघडून बसले खरी, पण पानं उलटली ती वाऱ्यानं. विश्रांती मिळत होती, अगदी वहीत लिहिली होती त्याहून अधिक. पण कुणाच्या तरी रागातून मिळालेली विश्रांती अंगी लागते का? खानावळीतही मी गेले नाही. आत्या एकट्या भाकरी खाणार आणि मी मासे, हे माझ्यानं होईना.

तिसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी आत्यांनी साध्या तव्यावर पुरणपोळ्या केल्या, मला आधी वाढलं, समोर बसून राहिल्या. दुपार कलल्यावर मी जागी झाले तर त्या नव्हत्या आणि मुक्ताही नव्हती. हे बाहेर पेपर वाचत होते. म्हणाले, दोघी बंदराकडे गेल्यात, लिलाव बघायला. आत्या आणि मासळीचा लिलाव! चष्मा वगैरे विसरून मी तशीच निघाले.

किनाऱ्यावर लिलाव सरत आला होता. पाण्यापासून थोडं वर एका कोळणीच्या झोपडीपुढे चूल पेटली होती, आणि पालथ्या घातलेल्या टोपलीवर आमच्या आत्या बसल्या होत्या. नाकाला पदर घट्ट धरलेला, डोळ्यांत पाणी, मान दुसरीकडे वळवलेली. तव्यावर पापलेटच्या तुकड्या चरचरत होत्या. मुक्ता मधे उभी राहून दुभाष्याचं काम करत होती: आत्यांची अहिराणी कोळणीला समजेना आणि कोळणीची बोली आत्यांना. तरी सौदा झाला होता. मासे आत्यांनी निवडून घेतले होते आणि शिजवून देण्याची विनवणीही त्यांनीच केली होती. मुक्तानं मला सांगितलं, आजी म्हणाली, तुझ्या आईला जे आवडतं ते कर.

मी जाऊन पोचले तशी ती कोळीण माझ्याकडे निरखून बघू लागली. वयस्कर बाई होती. कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि मग तिनं तो प्रश्न विचारलाच, अगदी मायेनं.

“कुनाकडं उतरलाव तुमी?”

पाठ केलेलं उत्तर माझ्या तोंडात आलं होतं, ओठ उघडलेही होते. पण आत्यांनी नाकावरचा पदर खाली घेतला आणि त्या धुराकडे सरळ तोंड करून त्याच बोलल्या.

“मनाकडे,” त्या म्हणाल्या. “मनी पोर शे ती. आखाजीले उनी शे.”

माझ्याकडे. माझी लेक आहे ती, आखाजीला आली आहे. कोळणीला हे मात्र दुभाष्याशिवाय कळलं. तिनं मान डोलावली आणि माझ्यासाठी पाट टाकला.

मला आधीच कळायला हवं होतं. नणंदांना आखाजीला भांड्याला हात लावू द्यायचा नाही, ही रीत मी नऊ वर्षं स्वतः पाळली होती. पण आपल्यासाठी ती कुणी पाळत असेल, हे मनाला शिवलंच नाही. ज्या स्टोव्हवर मी चिडले होते, तो माझं माहेर मांडायला आणलेला होता. माहेरी आलेल्या पोरीनं खानावळीत जेवायचं असतं का?

मी पाटावर बसले. तांदळाची भाकरी, तळलेलं पापलेट, वर लिंबू. मी अधाशासारखी जेवले. आत्या समुद्राकडे बघत पुन्हा पदर नाकाला धरून बसल्या आणि मधूनमधून हातानं कोळणीला खूण करत राहिल्या, वाढ, अजून वाढ. जेवण झाल्यावर मी ताट उचलायला वाकले. त्यात माशांचे काटे होते, खरकटं होतं, माझ्या घरच्या देवघराला चालणार नाही असं सगळंच होतं. आत्या उठल्या.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातून ते ताट काढून घेऊन त्या पाण्याकडे चालू लागल्या.