मेथी निवडणाऱ्या बाई

छावणीजवळच्या बागेत फिरून झालं की मी ज्या बाकावर टेकायचो, त्याच्या शेजारच्याच बाकावर एक बाई मेथी निवडत बसलेल्या असायच्या. पन्नाशीच्या, साडीवर स्पोर्ट्स शूज, बोलणं गंगापूरकडचं. सोबत एक म्हातारे निवृत्त फौजी. ते रोज एकच गोष्ट सांगायचे. बर्फातली चौकी, वादळ, बर्फाखाली गाडला गेलेला सोबती. इथवर आले की बाईंचे हात थांबायचे. "मग पुढं?" त्या विचारायच्या, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. मला मात्र त्या गोष्टीचा वैताग आला होता.

एकदा फौजी पाणी प्यायला उठले, तेव्हा मी विचारलं, "वडील का तुमचे?"

"नाय हो, इथलीच वळख. घरी ऐकायला कुणी नाय त्यांना."

"पण रोज तेच तेच?"

बाई हसल्या. "त्यांनी बी रोज त्याच डोंगरावर पहारा दिला की. कटाळा आला म्हणून उठून आले का तिथनं?"

परवा बाई आल्या नाहीत. फौजी रिकाम्या जागेकडं बघत बसले होते. मी उठून तिथं जाऊन बसलो. त्यांनी सुरुवात केली, आणि सोबती गाडला गेल्यावर थांबून माझ्याकडं बघितलं.

"मग पुढं?" मी विचारलं.

पुढचं मला पाठ होतं. तरी सोबती जिवंत निघाला, तेव्हा हायसं वाटलं.