रविवारच्या जेवणाचा सौदा

कॉलेजचं वसतिगृह भरून गेलं होतं, म्हणून पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मी आणि यवतमाळहून सोबत आलेले बाबा पुण्यात खाजगी होस्टेलं बघत हिंडत होतो. लोणी काळभोरच्या होस्टेलच्या जाहिरातीत जिम होती. प्रत्यक्षात एक व्यायामाची सायकल होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते. दुसऱ्या ठिकाणची खोली एवढीशी, की बाबा आत शिरले की मला बाहेर यावं लागत होतं.

शनिवार पेठेतलं मात्र बघताक्षणी आवडलं. दुसरा मजला, मोठी खोली आणि खिडकीपाशी नेमकी एक खाट रिकामी. मला तीच हवी होती. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तशी मी माझी ओढणी तिच्यावर टाकली.

होस्टेल चालवणाऱ्या काकू निवृत्त शिक्षिका. नियम सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी मेस बंद असते."

बाबांचं भांड्यांचं दुकान आहे. कुठलीही गोष्ट आहे त्या अटीवर घेतली, तर त्यांना झोप लागत नाही. भाडं त्यांनी निमूट कबूल केलं होतं, त्यामुळे घासाघीस करायला हा रविवारच उरला होता.

"निदान खिचडी तरी द्या."

"नाही."

"पिठलं?"

"अहो, रविवारी संध्याकाळी मी स्वतःसुद्धा घरी जेवत नाही."

"मग राहू द्या, दुसरीकडे पाहतो," म्हणत बाबा उठले. मी हादरलेच. जिन्यात ते कुजबुजले, "घाबरू नको. आता आवाज देते का नाही ते पाय."

आमच्या गावात गिऱ्हाईक पायरी उतरलं की दुकानदार हाक मारतो आणि खरा सौदा तिथून सुरू होतो. बाबांनी जन्मभर अशा हाका मारल्या होत्या. पुण्यात गिऱ्हाईक पायरी उतरलं की दुकानदार पंखा बंद करतो, हे त्यांना कोण सांगणार?

ते सावकाश उतरले. पहिल्या मजल्यावर बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. खाली विजेच्या मीटरवरची नावं वाचली. तेवढ्यात वर दार वाजलं आणि बाबांचा चेहरा फुलला. काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अहो, जाताना गेट लावून घ्या. कुत्री शिरतात."

गेट लावून आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. बाबांची नजर वर खिडकीकडे. अशात एक मुलगी आईवडील आणि गादीची वळकटी घेऊन त्याच गेटातून आत गेली. मी चहा तसाच ठेवून उठले.

"बाबा, चला ना वर."

"आपुन होऊन गेलो तर काय इज्जत राहीन?"

मला रडूच यायला लागलं. इज्जत त्यांची आणि खाट जाणार माझी! "ओढणी वरच राहिली," मी म्हणाले आणि धावत सुटले.

वर त्या मुलीची आई खाट दाबून बघत होती. मी धापा टाकत म्हणाले, "काकू, मी येते राहायला. रविवारी उपाशी राहीन."

"उपाशी कशाला? वडापाव मिळतो की." मग त्या पाहुण्यांकडे वळल्या. "ही खाट गेली. ओढणी दिसत नाही का?"

मी खाली आले. "बोलावलं का त्यांनी?" बाबांनी इतक्या आशेनं विचारलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "हो बाबा. फार आग्रह केला."

झालं! बाबा ऐटीत जिना चढले. मी मागून घाम पुसत. दारातच ते म्हणाले, "तुम्ही एवढा आग्रह करताय, तर येते मग पोरगी."

काकूंनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, मग बाबांना. एका वाक्यात दोघांचा निकाल लावू शकणारी बाई ती. मी डोळे मिटून घेतले.

"हो ना," काकू म्हणाल्या, "हाका मारून घसा बसला माझा. या, चहा टाकते."

बाबा अगदी ऐसपैस बसले. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं, इथे आपलं निभेल.